जुन्या बोटीला इसार देण्यापूर्वी

बेळगावात अलीकडे एक विषय वारंवार निघतो. गोव्यात शिडाची जुनी बोट विकायला आहे, ३० ते ४० फुटांची, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली. तिघाचौघांनी मिळून घ्यावी काय? विचारणारी माणसं हौशी आहेत, पण उथळ नाहीत. कुणी मर्चंट नेव्हीतून परतलेला, कुणी सैन्यातून निवृत्त झालेला, कुणी उद्यमबागेतला कारखाना मुलाच्या हाती देऊन मोकळा झालेला. निपाणीच्या एका व्यापारी घरातला तरुणही त्यात आहे. चोर्ला घाट उतरला की मांडवी लागते, तेव्हा या विचारात वेडेपणा काही नाही.

या मंडळींमध्ये एका ज्येष्ठ गृहस्थांच्या शब्दाला मान आहे. त्यांचं नाव मी इथे घेत नाही, कारण भांडण त्यांच्या मतांशी आहे. ते तीन गोष्टी ठामपणे सांगतात. पहिली, फायबरची बोट २५-३० वर्षांच्या पुढे गेली की ती भंगार, वय ऐकून मागे फिरावं. दुसरी, त्यातूनही घ्यायचीच असेल तर एक चांगला मिस्त्री बरोबर न्यावा आणि इंजिन बघावं. बाकीच्या बोटीला काय होतंय, फायबरला ना गंज ना वाळवी. तिसरी, दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की बोट पाण्यातच चालवून बघावी. क्रेनने उचलून बघणं आणि सर्व्हेअरला पैसे देणं ही उधळपट्टी. मला ही तिन्ही मतं चुकीची वाटतात. पहिल्या मतामुळे चांगली बोट हातची जाईल, तिसऱ्यामुळे पैसे जातील आणि दुसऱ्यामुळे माणसं जाऊ शकतात. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी वयाचा मुद्दा. ‘सुहेली’ ही ३२ फुटी बोट मुंबईत सागवानात बांधली गेली आणि १९६४च्या अखेरीस पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिला घेऊन इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, वाटेत कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीला फेरी मारून, तिथेच परतले. एकट्या माणसाने न थांबता केलेली ती जगातली पहिली प्रदक्षिणा. मात्र निघाल्यावर काही आठवड्यांतच बोट पाणी घेऊ लागली होती. कीलला, म्हणजे तळाच्या कण्याला, लागून असलेल्या फळीचा सांधा सुटत होता. भर समुद्रात पाण्यात उतरून, श्वास रोखून, कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवून ती पट्टी त्यांना तांब्याच्या खिळ्यांनी सांध्यावर ठोकावी लागली. त्या वेळी बोटीला चार वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. तीच ‘सुहेली’ आज साठी उलटून शाबूत आहे. बोट नवी होती तेव्हा गळत होती आणि जुनी झाल्यावर टिकून आहे, एवढं एक उदाहरणही वयाची फूटपट्टी बाजूला ठेवायला पुरेसं आहे.

याच्या उलटचं उदाहरण अधिक कडू आहे. २००६ साली बांधलेली ४० फुटी ‘चीकी रफीकी’ मे २०१४मध्ये अँटिग्वाहून इंग्लंडकडे परतत होती. अटलांटिकच्या मध्यावर तिची कील सुटली, बोट उलटली आणि चौघे जण गेले. आठ वर्षांची फायबरची बोट होती ती. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेच्या अहवालात कारण म्हणून बोटीचं वय झाल्याचं लिहिलेलं नाही. बोट पूर्वी तळाला आपटल्याचे प्रसंग, त्यानंतरच्या दुरुस्त्या आणि कील ज्या आतल्या जाळीच्या आधाराने बसवलेली असते त्या जाळीची सुटत गेलेली पकड, असा एकत्रित परिणाम झाला असावा, असं तपासाचं म्हणणं आहे. आमच्या ज्येष्ठांच्या कसोटीवर ही बोट पहिल्या नंबराने पास झाली असती.

आपल्या सैन्याचंही उदाहरण घ्या. १९८५ साली कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्यांनी इंग्लंडमधून ‘तृष्णा’ बाहेर काढली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून जानेवारी १९८७मध्ये मुंबईला आणली. ती ३७ फुटी स्वान जातीची बोट होती आणि इंग्लंडमध्ये जुनी म्हणूनच विकत घेतलेली होती. भारतीयांची शिडावरची पहिली प्रदक्षिणा सेकंडहँड बोटीतून झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. पुढे ‘सुहेली’ जिच्यात धावली होती ती गोल्डन ग्लोब ही एकट्याने करायची शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा नियमच असा ठेवला की बोट ३२ ते ३६ फुटांची आणि १९८८च्या आधीच्या आराखड्याची हवी. आराखडा जुना म्हणजे प्रत्येक बोट जुनीच असं नाही. भारताच्या अभिलाष टॉमी यांची २०१८च्या शर्यतीतली ‘थुरिया’ गोव्यात नवी बांधलेली होती. पण २०२२-२३ची ही शर्यत जिंकणाऱ्या कर्स्टन नॉयशेफर यांची ‘मिनेहाहा’ १९८८ साली बांधलेली होती, आणि शर्यतीपूर्वी कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर कित्येक महिने राबून त्यांनी ती उघडून पुन्हा उभी केली होती. दुसऱ्या आलेल्या टॉमींच्या ‘बयानत’चा रस्टलर ३६ हा आराखडाही त्याच काळातला.

हेही सांगितलं पाहिजे की त्याच शर्यतीत तापिओ लेहटिनेन यांची १९६५ सालची ‘अ‍ॅस्टेरिया’ नोव्हेंबर २०२२मध्ये हिंदी महासागरात मागच्या बाजूने पाणी भरून काही मिनिटांत बुडाली. कर्स्टन यांनी वाट वाकडी करून त्यांना वाचवलं. जुनी बोट बुडतच नाही, असा दावा मी करत नाही. वय ऐकून ‘घ्या’ म्हणता येत नाही तसंच ‘टाका’ही म्हणता येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. निर्णय बोट उघडून बघितल्यावरच करता येतो, आणि उघडून बघायचं म्हणजे काय, इथेच दुसऱ्या मताशी खरी गाठ पडते.

इंजिन बघायला माझी हरकत नाही. जरूर बघा. बोटीवर पाय ठेवल्याबरोबर आधी इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. तो गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन कसं उठतं ते तुम्हाला दिसणार नाही, पुन्हा दुसऱ्या दिवशी या. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. काळा धूर, निळा धूर, पांढरा धूर यांचे अर्थ आपल्याकडच्या कुठल्याही डिझेल मिस्त्रीला पाठ असतात. पण शिडाच्या बोटीत इंजिन ही बदलता येण्याजोगी वस्तू आहे. ते उचलून दुसरं बसवता येतं. भर समुद्रात ते बंद पडलं तरी शिडं आहेत. डोलकाठी कोसळली, कील हलली किंवा बुडाला भोक पडलं तर मात्र चांगल्यात चांगलं इंजिन काही कामाला येत नाही. ज्येष्ठांच्या सल्ल्याने सगळं लक्ष तिथे जातं, जिथे चूक झाली तरी निस्तरता येते.

निपाणीच्या वखारीत तंबाखू घेणारा माणूस बोदाच्या वरच्या थरावरून कधी भाव बोलत नाही. तो बोद फोडतो, कोपरापर्यंत हात आत घालतो, मधला माल मुठीत काढून नाकाशी नेतो. जुनी बोट घेताना असाच हात आत गेला पाहिजे. कुठे घालायचा ते सांगतो.

डेकपासून सुरू करू. बहुतेक जुन्या फायबर बोटींचं डेक एकजिनसी नसतं. वर फायबरचा पापुद्रा, खाली फायबरचा पापुद्रा आणि मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड. डेकवर कठड्याचे खांब, दोर बांधायचे खुंटे, रूळ असं सगळं बोल्टने बसवलेलं असतं. त्या प्रत्येक बोल्टच्या भोवतीचं सीलंट दहा-पंधरा वर्षांत मरतं. पाणी थेंबाथेंबाने आत जातं आणि बाल्सा कुजतो. फायबरला वाळवी नसते हे खरं, पण फायबरच्या पोटात लाकूड आहे, हे ‘फायबरला काय होतंय’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तपास सोपा आहे. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरायचा आणि मुठीने डेकवर वीत-वीत अंतरावर टकटक करत जायचं. निरोगी डेक खणखणीत आवाज देतं. कुजलेल्या जागी आवाज एकदम बसका होतो, आणि एकदा कान तयार झाला की कुज किती लांब पसरलीय हे खडूने आखता येतं. नवा रंग मारलेल्या डेकवर तर हे आधी करा.

आता चेनप्लेट. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टेनलेसच्या तारा बोटीच्या अंगाला जिथे जखडलेल्या असतात, ती ही जाड पट्टी. तिचं वरचं टोक डेकच्या वर चमकत असतं, खालचं टोक आत केबिनमध्ये बोल्टने बसलेलं असतं, आणि मधला इंचभर भाग डेकच्या जाडीत गेलेला असतो. सगळा प्रश्न त्या इंचभराचा आहे. स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो थर टिकायला हवा लागते. ओल्या सीलंटमध्ये दाबलेल्या भागाला हवाच मिळत नाही. त्यात खारं पाणी. मग धातू आतून, भेगेभेगेने खाल्ला जातो.

अशी एक पट्टी गोव्याहून एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये आली होती, तेव्हा मी तिथे होतो. दोन्ही टोकं चकचकीत. मध्ये फक्त तांबूस डाग, पॉलिशने निघून जाईल असा. मित्राने पट्टी साफ करून तिला डाय पेनेट्रंटचा लाल द्रव लावला, थोडा वेळ थांबून पुसून काढला आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्यातून हळूहळू भेगेची एक लाल रेघ वर आली, पट्टीच्या रुंदीच्या अर्ध्याहून जास्त. त्याच पट्टीवर डोलकाठीची एक बाजू उभी होती आणि त्या बोटीचं इंजिन, मालकाच्या सांगण्याप्रमाणे, उत्तम होतं. उद्यमबागेत ही चाचणी रोज कुठे ना कुठे होत असते. ओतकाम आणि मशिनिंग करून पोट भरणाऱ्या गावातल्या माणसांनी बोट बघायला जाताना धातूची परीक्षा घरी ठेवून जावं, हे मला पटत नाही.

तारांचंही तसंच. दिसायला धड असलेली तार टोकाच्या दाबून बसवलेल्या फेरूलमध्ये तुटत असते. भिंग घेऊन तिथे बघा, कापडाचा तुकडा तारेवरून फिरवा. एखादा तुटलेला पदर कापडाला ओढतो. परदेशात अनेक विमावाले दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलल्याचा पुरावा मागतात. आपल्याकडे कुणी मागत नाही, म्हणून तो तुम्ही मागायचा. तारा केव्हा बदलल्या याचं बिल नसेल तर बदललेल्या नाहीत असं धरून किंमत बोला.

बुडाला पाण्याच्या पातळीखाली काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, इंजिनच्या थंड पाण्याला, संडासाला, सिंकला. प्रत्येक भोकावर एक सी-कॉक म्हणजे झडप. ती कांस्याची हवी. स्वस्तात घरगुती पितळी व्हॉल्व्ह बसवलेले मी पाहिले आहेत. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. आकार तोच, ताकद शून्य. चाकूच्या टोकाने खरवडून बघा. पिवळं चमकलं तर ठीक, गुलाबी आणि भुसभुशीत निघालं तर ती झडप हाताने फिरवतानाच तुटू शकते. झडप फिरतच नसेल तर ती नाही असंच समजायचं. तळहाताएवढी ही वस्तू उभ्या जागी बांधलेली बोट रात्रीत बुडवते.

कील आणि बुड यांचा सांधा, विशेषतः पुढच्या टोकाची आडवी भेग, आतून कील-बोल्टच्या भोवतीचा गंज आणि फरशीखालच्या जाळीला गेलेले तडे, हे ‘चीकी रफीकी’नंतर कुणी टाळू नये. बोट कधी खडकाला किंवा वाळूला बसली होती काय, हे मालकाला सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या. सुकाणू वरून फायबरचं असतं. बोट बाहेर काढून दोन दिवसांनीही त्यातून तपकिरी पाणी ठिबकत असेल तर आतली स्टेनलेसची चौकट सडत आहे. आणि हो, बुडावरच्या फोडांना, ज्यांना ऑस्मोसिस म्हणतात, लोक फार घाबरतात. फोड फोडला तर आंबूस वासाचा द्रव निघतो, दुरुस्ती वेळखाऊ आहे, किंमत नक्की पाडून मागा. पण फोडांमुळे बोटी बुडत नाहीत. हळदीकुंकवाएवढ्या फोडांवरून बोट नाकारणारे कुजलेल्या डेकवर उभे राहून नाकारतात, तेव्हा वाईट वाटतं.

आता तिसरं मत, दिवाळीनंतर पाण्यात बघायचं. वर सांगितलेल्या यादीतलं निम्मं पाण्यात दिसतच नाही. कील, सुकाणू, सी-कॉकची बाहेरची बाजू, बुडाचे फोड, प्रोपेलरचा दांडा हे सगळं बोट उचलल्याशिवाय कळत नाही. चालवून बघणं हवंच, पण ते शेवटी. दिवाळीपर्यंत विकणाऱ्याने रंग मारलेला असतो, गाद्या उन्हात टाकून वास घालवलेला असतो, आणि कोरड्या हवेत कुठलंच डेक गळत नाही.

माझं सांगणं, बोट जुलैत बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि शिडाच्या बोटीही त्या सुमारास किनाऱ्यावर चढवलेल्या असतात, म्हणजे बुड आयतंच उघडं. आणि वरून पाऊस. कोकण-गोव्याच्या पावसाइतका कडक तपासनीस दुसरा कुणी नाही. केबिनमध्ये तासभर बसा. खिडकीच्या कोपऱ्यातून, डोलकाठीच्या मुळातून, चेनप्लेटच्या खालून ओघळ येतो की नाही ते डोळ्यांनी दिसेल. गादी उचलून खालची फळी दाबून बघा. ‘पावसात बोट दाखवता येत नाही’ असं विकणारा म्हणाला तर त्याचा अर्थ तुम्हीच काढा. एक मात्र ध्यानात ठेवा, ओलाव्याचा मीटर पावसाळ्यात भलतंच सांगतो, त्या दमट हवेत चांगलं डेकही ओलं दाखवतं. मीटरची मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. दोनदा जावं लागेल. बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, हे दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकाला शक्य नाही, आपल्याला आहे.

सर्व्हेअरच्या फीबद्दल. मच्छीमारांची नजर पुरते, असं म्हणतात. लाकडी होडीच्या बाबतीत मी हे मान्य करतो. फळी, सांधा, खिळा यांबद्दल किनाऱ्यावरच्या होडी बांधणाऱ्या सुताराइतकं कुणाला कळत नाही, आणि बोट लाकडी असेल तर त्यालाच न्या, त्याची मजुरी मान राखून द्या. पण सँडविच डेक आणि स्टेनलेसची तार हा त्याचा रोजचा माल नाही. शिडाच्या फायबर बोटी जाणणारे सर्व्हेअर आपल्याकडे थोडे आहेत हेही खरं. म्हणून शोधा, थांबा, पण विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला माणूस घेऊ नका. ज्याची फी तुम्ही देता तोच तुमचा. त्याने लिहून दिलेल्या अहवालावर घासाघीस करून जितके पैसे वाचतात, त्यात फी बहुधा निघून जाते. नाही निघाली तरी तिघाचौघांच्या बायकापोरांना त्या बोटीवर चढवायचं आहे, ती फी त्यासाठी आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणी, मागच्या सगळ्या विक्रीखतांची साखळी, बोटीवर कर्ज नसल्याचा दाखला, आणि बोट परदेशी असेल तर सीमाशुल्क भरल्याच्या पावत्या. यातलं एक जरी ‘नंतर देतो’ असेल तर व्यवहारही नंतर.

राहता राहिला तो टोमणा, जो या चर्चेत शेवटी येतोच: घाटावरच्या लोकांना समुद्राचं काय कळतं? म्हादई खानापूर तालुक्यातल्या देगावला उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस यार्डात नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली गेली, ५६ फुटी, लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवलेली. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी एकट्या भारतीयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम मनात धरली होती. २००९-१०मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी यांनी न थांबता केली, आणि पुढे लाखाहून अधिक सागरी मैल ती चालली. लाकूड, फायबर, धातू आणि सांधे यांची निगा रोजच्या रोज होत राहिली म्हणून ती एवढी चालली. विंचुर्णीही घाटावरच आहे.

तेव्हा बोट घ्या. जुनी घ्या, ३५ वर्षांची असली तरी बघा. फक्त एक करा. मालकाला सांगा की एक चेनप्लेट काढून, दोन सी-कॉक खोलून आणि बोट जमिनीवर उचलून दाखवा. परत बसवण्याचा खर्च आमचा. त्याला तो तयार असेल तर पुढे बोला. तो नाही म्हणाला तर किंमत कितीही खाली आली, इंजिन कितीही गोड वाजलं, तरी इसार देऊ नका.